चतुराबाईचा नंबर

अकोला
रविवार, ४ मार्च १९६२

चि. मनकर्णा,

जय भीम. तुझं कार्ड पोचलं. होळीच्या सुट्टीत येणार नाहीस, तब्येत बरी आहे, एवढंच त्यात होतं. बाकी सगळं कार्ड कोरं. मुलांना निबंध लिहायला शिकवणाऱ्या मास्तरणीनं बापाला एवढी कोरी जागा पाठवावी, याचं मला वाईट वाटलं नाही. मी ती जागा बराच वेळ पाहत बसलो, इतकंच.

माझं ठीक चाललं आहे. गिरणीत पाळी सकाळचीच आहे. संध्याकाळी मेणबत्ती लावतो, वंदना म्हणतो. तुझी माय असताना तिचा आवाज पुढे असायचा आणि माझा मागे. आता मधेच थांबायला होतं, कारण पुढे कोणी नसतं.

एक गोष्ट तुला कळवायची आहे. कशी लिहावी ते ठरवता ठरवता इतके महिने गेले.

माय गेल्यावर तू तिवस्याला परत गेलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घडवंचीवर तिचा पाणी भरायचा पितळी गुंड नव्हता. मला वाटलं, बाहेर ओट्यावर राहिला असेल. गिरणीतून परत आलो तर दारात गुंड उभा, काठोकाठ भरलेला. खाली दगडावर ओलं वर्तुळ. आजूबाजूला कोणी नाही. मी तो आत घेतला, रिकामा केला, घासून ओट्यावर पालथा घातला. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलेला. तिसऱ्या दिवशीही तेच. दार उघडण्याआधीच मला दगडावर पितळ घासल्याचा आवाज ऐकू येऊ लागला, अगदी ती ठेवायची तसा, आधी एक कड आणि मग दुसरी. छप्पन साली आपण देवदेवस्की, भुतंखेतं सगळी मागे टाकून आलो. मग हा आवाज कोणाचा, हे मी कोणाला विचारणार?

एका रविवारी सकाळी नळावर जाऊन पाहिलं. बायकांची भांडी नेहमीसारखी रांगेत लागलेली. तेलाचे डबे, बादल्या, हंडे. आणि आशाबाईच्या बादलीमागे, दुर्गाबाईच्या हंड्यापुढे, तुझ्या मायचा गुंड. तिच्या नंबरावर. रांग पुढे सरकली की बायका आपापलं भांडं सरकवत आणि तोही सरकवत. सरकवताना कोणी बोलत नव्हतं. नळावर बायका आहेत आणि आवाज नाही, असं मी कधी पाहिलं नव्हतं.

तू तेव्हा अमरावतीला ट्रेनिंगला होतीस, म्हणून तुला नीट ठाऊक नसेल. वस्तीत नळ आला तेव्हा रोज मारामाऱ्या होत. शेवटी तुझ्या मायनं कायदा केला. ज्या क्रमानं घरं नळावर आली तो क्रम कायम. नवीन बिऱ्हाड शेवटी. एका फेरीला एका घरचं एकच भांडं. कोणी माहेरी गेली तरी तिचा नंबर राहील, शेजारणीनं भरून दारात ठेवायचं. आणि कोणाचा नंबर कोणी काढायचा नाही. जिचा तिनं काढायचा, नाहीतर तिच्या घरच्या बाईनं. मेलेल्या बाईचं काय, हे तेव्हा कोणी विचारलं नव्हतं.

मी दुर्गाबाईला विचारलं. ती म्हणाली, "देवमनभाऊ, चतुरा माहेरी गेली असती तं आमी भरलं असतं का नाई?"

"ती माहेरी गेली नाही, दुर्गाबाई."

"थे मले समजते. पन कायदा तिचा हाये. तुमच्या घरची बाई येईन अन् उचलन. तोवर त्याले हात लावनाऱ्या आमी कोन?"

माझ्या घरची बाई म्हणजे तू. दुसरी कोणी नाही. एकदा ये आणि मायचा गुंड नळावरून उचलून घरी आण. एक दिवसाचं काम आहे.

तुझा बाप
देवमन


अकोला
रविवार, २५ मार्च १९६२

चि. मनकर्णा,

जय भीम. तुझं पत्र वाचलं. "माझ्या हातून एकदा नंबर गेला. आता मला त्या रांगेत उभं करू नका." हे वाक्य मी दोनदा वाचलं नाही. एकदाच पुरलं.

तुझे हेडमास्तर केशवराव काल कामानिमित्त अकोल्यात आले होते. पत्ता शोधत घरी आले. भला माणूस. चहा घेतला. तुझ्याबद्दल चांगलं बोलले आणि मग बराच वेळ पायातल्या वहाणेचा अंगठा पाहत राहिले. मी म्हटलं, काय ते सांगा. ते म्हणाले, तुमची मुलगी मुलांना रांगेत उभं करत नाही. शाळेच्या हातपंपावर मुलं एकमेकांच्या अंगावर पडतात, ती पाहत राहते. परीक्षेचा निकाल लावला, त्यात कोणालाच नंबर दिला नाही. पहिला नाही, दुसरा नाही. एका मुलाच्या बापानं येऊन विचारलं, बाई, माह्या पोराचा नंबर कितवा, तर ती वर्गातून उठून बाहेर गेली. "असं चालू राहिलं तर वर लिहावं लागेल मला," ते म्हणाले. "मला लिहायचं नाही, म्हणून तुमच्याकडे आलो."

म्हणजे तुझी नोकरीसुद्धा या शब्दाला अडकली आहे. मला झोप आली नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो. इंग्रजी मला येत नाही. पण हा एक शब्द येतो, आणि मला वाटतं, तुझ्या मायला तो माझ्यापेक्षा चांगला यायचा. गावात हा शब्द नव्हता. हिवरखेडला पाळी होती. मोटेच्या पाण्याची पाळी, खळ्याची पाळी. ती जमीनवाल्यांची आपसातली. आपल्या बायकांना विहिरीवर पाळी नव्हती. आपल्या बायका विहिरीपासून लांब, उन्हात, रिकामी मडकी घेऊन बसत. कोणाला दया आली की ती बाई वरून पाणी ओतायची. दया कधी येईल हे ठरलेलं नसतं. तुझी माय नवी नवरी होती तेव्हा एकदा सकाळची बसलेली दुपार कलल्यावर परत आली. मडकं अर्धं. माझी माय तिला म्हणाली, "एवढा वेळ?" ती म्हणाली, "आज त्यायची मर्जी नोयती."  

मग आपण अकोल्यात आलो. गिरणीत मला बिल्ला मिळाला, त्यावर नंबर. मुकादम माझं नाव विसरायचा, नंबर विसरत नसे. रेशनच्या दुकानात नंबर. म्युनिसिपालिटीच्या माणसानं येऊन आपल्या कुडाच्या दारावर डांबरानं घराचा नंबर काढला, तेव्हा तुझी माय शेजारणीला बोलावून दाखवत होती, जसं काही तोरण बांधलं आहे. तुझा शाळेत पहिला नंबर आला तेव्हा तिनं मला विचारलं, "पयला म्हंजे तिच्या पुढं कोनीच नाई? पाटलाची पोरगीही नाई?" मी म्हटलं, कोणीच नाही. ती चुलीजवळ बसली आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली. माझ्या डोळ्यांना मधे त्रास झाला, चष्मेवाला म्हणाला नंबर वाढला, तर ती म्हणते, "वाढला तं चांगलंच हाये ना!" कोणतीही चांगली वस्तू तिच्या लेखी एक नंबर. आंबा एक नंबर, तुझी वेणी एक नंबर. आणि भांडण झालं की दुर्गाबाई दस नंबरी.

पण सगळ्यांत मोठा नळावरचा. पहिल्या दिवशी एक बाई म्हणाली, तुम्ही आमचं झाल्यावर मागून भरा. तुझी माय जागची हलली नाही. "नळाले इचारून पाहा," ती म्हणाली, "तो जात पुसन तं मी मागं होतो." नळ काही बोलला नाही. तिचा नंबर आला, तिनं गुंड लावला. घरी आणून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "घ्या. कोनाच्या मर्जीचं नाई हे."

म्हणून मला वाटतं, तू हा शब्द टाकू नये. त्यानं आपल्याला एकदा मारलं, पण त्याच्याआधी बरीच वर्षं उभं केलं होतं.

ते गुंडातलं पाणी मी पीत नाही. दारच्या निंबाला घालतो. माझ्यापुरतं गिरणीतून बादलीभर आणतो.

तुझा बाप
देवमन


अकोला
रविवार, १५ एप्रिल १९६२

चि. मनकर्णा,

जय भीम. काल जयंती झाली. मिरवणूक वस्तीतून निघाली. तुझ्या मायच्या पांढऱ्या लुगड्याची घडी तशीच पेटीत आहे. तुझं उत्तर नाही. हे पत्र मात्र पूर्ण वाच, मधे ठेवून देऊ नकोस.

मिरवणूक गेल्यावर मी ओट्यावर बसलो होतो. दुर्गाबाई भरलेला गुंड घेऊन आली. एरवी ती मी नसताना ठेवून जाते. काल ठेवला आणि तिथंच खाली बसली. ती जातीची कुणबी, नांदगावाकडची. नवरा गेल्यावर अकोल्यात मजुरीला आली. आपल्या ओट्यावर ती कधी बसलेली मी पाहिली नव्हती. भांडायची ती नळावरच, उभ्यानं.

"पोरगी येत नाई?" तिनं विचारलं.

"नाही."

"काहून?"

मी सांगितलं. तू मला जे लिहिलं नाहीस पण मला जे माहीत आहे, तेवढं सगळं सांगितलं. दिवाळीची सुट्टी होती, मी गिरणीत होतो, मायच्या छातीत दुखत होतं म्हणून तू तिला धर्मार्थ दवाखान्यात नेलंस. नंबराची चिठ्ठी घेऊन दोघी बाकावर बसलात. पुढच्या माणसानं आपला नंबर देऊ केला. तो माणूस, तांबड्या पागोट्याचा, आपल्या मातीला आला होता. तो मला स्मशानात रडत सांगत होता, "म्या म्हटलं, बाई, तुमी व्हा पुढं, मले काय घाई? माह्या तं कानात मळ हाये." आणि ती म्हणाली, "माहा नंबर आला की जाईन." आणि तू गप्प राहिलीस. मग तिनं तुझ्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि तुला वाटलं, डोळा लागला.

दुर्गाबाईनं ऐकून घेतलं. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं हिलाच काही होतं आहे.

"भाऊ," ती म्हणाली, "त्या पोरीले कोनी सांगतलं नाई का?"

"काय?"

"त्या दिवशी सकाळी, दवाखान्याच्या आंधी, चतुरा नळावर आली व्हती ना. तिचा नंबर याले वेळ व्हता. उभ्याउभ्या तिनं भिंत धरली. घाम आला व्हता तिले, थंडीचा. मी म्हटलं, चतुरे, तू भर अन् घरी जाय. आशाबाई म्हने भर. साऱ्याच म्हनल्या. थे काय म्हने मालूम हाये?"

मी नकाराची मान हलवली.

"म्हने, दुर्गे, मागून घेतलेलं पानी मी हिवरखेडात लय पेलो. इथं नंबरानं पेतो."

मनकर्णा, निंबाची पानं त्या गुंडात पडत होती.

मग दुर्गाबाई हळूच म्हणाली, "मले तोंडच राह्यलं नाई भाऊ. मीही आमच्या गावात वरून पानी वतलं हाये. तुमच्यातल्या बायकांच्या मडक्यात. वतताना चेहरा पाह्याची रीत नाई आमच्यात. चतुरानं थे म्हटलं तवा मले वाटलं, हिनं मले वयखलं. ह्याच हातानं वतलं असन काय मी हिच्या मडक्यात? आता थो गुंड सरकवतो तं मले वाटते थे पाहून राह्यली."

"म्हणून भरतेस?"

"भरतो कशासाठी, थे मले नाई सांगता येत. पन तिच्या मागं माहा नंबर हाये. थे गेली म्हून म्या एक पाऊल पुढं सरकू? तिच्या मरनावर?"

हे मी तुला जसंच्या तसं लिहितो आहे, कारण तू एक चुकीची गोष्ट धरून बसली आहेस. तुला वाटतं, तू त्या बाकावर एक शब्द बोलली असतीस तर ती उठली असती. ती उठली नसती. सगळा नळ बोलला, तरी ती उठली नाही. तिचं उत्तर तुझ्या दवाखान्याच्या आधी झालेलं होतं. तुझ्या जन्माच्याही आधी झालेलं होतं, हिवरखेडच्या त्या विहिरीवर. कोणी पुढे हो म्हटलं की तिला वरून ओतलेलं पाणी दिसायचं. तिच्या हिशेबात उपकार आणि नंबर या दोनच गोष्टी होत्या, तिसरी नव्हती. माझ्याही हिशेबात नव्हती. मी तिथं असतो तर मीही तिच्याशेजारी चिठ्ठी धरून बसलो असतो.

तिनं चूक केली असं मी म्हणतो. तिच्यावर माझा राग आहे, हेही तुला सांगतो. पण चूक तिची होती. तू ती आपल्या नावावर चढवून घेऊ नकोस.

तुझा बाप
देवमन


अकोला
रविवार, ६ मे १९६२

चि. मनकर्णा,

जय भीम. पत्र नाही. केशवरावांचं कार्ड आलं, शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि तू तिवस्यातच खोली धरून आहेस. त्यांनी अजून वर काही लिहिलेलं नाही.

ऊन फार आहे. नळ सकाळी थोडा वेळ येतो आणि करंगळीएवढी धार. शेवटच्या नंबरापर्यंत पाणी पोचत नाही. शेवटचा नंबर जमुनाचा आहे. तू तिला पाहिलेलं नाहीस. तेल्हाऱ्याकडून नवीन बिऱ्हाड आलं, आपल्यातलंच. नवरा हमाली करतो, अंगावर पिणारं लेकरू आहे. नळ गेला की ती लेकरू काखेला मारून मोर्णा नदीच्या पात्रात जाते आणि वाळूतल्या झिऱ्यातून वाटीवाटीनं पाणी भरून आणते. आणि इकडे तुझ्या मायचा गुंड रोज भरतो. मेलेल्या बाईला पाणी मिळतं आणि जमुनाला मिळत नाही.

मी भरलेला गुंड उचलून तिच्या दारात नेला. ती घाबरून मागे सरली.

"नोको बाबा. अंगावर लेकरू हाये माह्या. थे पानी नोको."

"अगं, पाणी नळाचंच आहे."

"नळाचं हाये, पन भरलं कोनासाठी?"

 आपल्यातली मुलगी आणि असं कसं म्हणते, असं म्हणणार होतो. म्हटलं नाही. कारण मागच्या पत्रांत मी तुला जे लिहिलं, की ते पाणी मी पीत नाही, निंबाला घालतो, ते पूर्ण खरं नाही. एक पेला काढून ठेवतो. संध्याकाळी वंदना झाली की पितो. पिताना दाराकडे पाठ करून बसतो.

मग मी ठरवलं, तू येत नाहीस तर हे मीच संपवतो. परवा सकाळी गुंड ओट्यावर ठेवलाच नाही, पेटीत घालून कडी लावली आणि सुट्टी घेऊन घरी बसलो. नळ आल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं दारावर थाप. दुर्गाबाई.

"भाऊ, नंबर आला. गुंड द्या."

"गुंड नाही मिळणार. तिची जागा भरून टाका. पुढे सरका सगळ्या."

"जागेवर इट ठेवली हाये मी." ती उंबऱ्याबाहेरच उभी होती. मागे, नळावर, सगळ्या बायका इकडे पाहत होत्या. धार वाया जात होती आणि कोणी भांडं लावत नव्हतं. जमुनासुद्धा नाही. "गडीमानसानं बाईचा नंबर काढाचा नाई. द्या गुंड. पानी जाऊन राह्यलं."

"दुर्गाबाई, जमुनाला द्या ना ती जागा. तिचं लेकरू—"

"मी कोन देनारी? आज चतुराची देऊ, उद्या मी मेल्यावर माही असीच कोनी देऊन टाकीन. मंग नंबर कायले म्हनाचं?"

मी पेटी उघडली. गुंड दिला. धार वाया जाताना मला पाहवलं नाही.

मनकर्णा, मी आता तुला ये म्हणणार नाही. तीन पत्रं लिहिली. तुझी मर्जी. हा शब्द लिहिला आणि माझाच हात थांबला. खोडत नाही, राहू दे.

तुझा बाप
देवमन


अकोला
रविवार, ३ जून १९६२

चि. मनकर्णा,

जय भीम. बुधवारी तुला मोटारीत बसवून परत आलो. तू खिडकीतून हात हलवला नाहीस, पण खिडकीशी बसलीस आणि मोटार वळेपर्यंत इकडे पाहत होतीस. तेवढं मला पुरे आहे. मंगळवारी संध्याकाळी वंदनेला तू पुढे म्हटलीस, मी मागे.

मागच्या रविवारी नळावर तू काय केलंस ते तुला सांगायला नको. पण मी जिथून पाहिलं तिथून कसं दिसलं, ते तुला माहीत नाही. मी ओट्यावर दाढी करत होतो. तोंडाला साबण. गल्लीच्या टोकाला कोणी बाई पिशवी घेऊन आली आणि घराकडे न वळता सरळ नळावर गेली. मला पाठच दिसली. चालणं तुझ्या मायचं. माझ्या हातून वाटी पडली. सांगायला लाज वाटते, पण मी डोळे मिटून घेतले होते.

उघडले तेव्हा तू रांगेत होतीस. आशाबाईच्या मागे, दुर्गाबाईच्या पुढे, गुंडाशेजारी. त्याला हात न लावता नुसती उभी. बायका मान खाली घालून. कोणी "आलीस का माय" म्हणेना. रांग सरकली तेव्हा तू वाकून गुंड सरकवलास आणि तो आवाज झाला. तेव्हा मला कळलं की तो आवाज गुंडाचाच आहे, कोणीही सरकवला तरी तसाच येतो.

तुझा नंबर आला. सगळ्यांना वाटलं, आता उचलशील आणि घरी आणशील. मलाही. तू मागे वळलीस आणि शेवटच्या बाईला हाक मारलीस. तिचं नाव तू माझ्या पत्रातच वाचलं असशील.

"जमुना, इकडं ये. भर."

ती लेकराला या काखेतून त्या काखेत घेत म्हणाली, "नोको बाई. माहा नंबर आला की भरीन."

मनकर्णा, तुझे खांदे मी मागून पाहिले. मला वाटलं, तू आता खाली बसशील. तेच शब्द, त्याच ठसक्यात. दुर्गाबाईनं हंडा खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. मी वस्तरा ठेवून ओट्यावरून खाली उतरलो.

तू खाली बसली नाहीस. वर्गात शिकवतेस तशा स्वच्छ आवाजात म्हणालीस, पण बोललीस घरच्या बोलीत, "मागून घेऊ नोको. मी उपकार करून राह्यली नाई. हा नंबर माह्या मायचा व्हता, आता माहा हाये. माहा हाये म्हून मी देऊ शकतो. तुले घेता येत नसन तं तसं सांग, पन मी देल्ला."

जमुना दुर्गाबाईकडे पाहू लागली. सगळा नळ दुर्गाबाईकडे पाहू लागला.

"घे ना वं पोरी," दुर्गाबाई ओरडली, "पाहते काय? कायद्यात बसते!"

जमुनानं डबा धारेखाली लावला. मग तू रिकामा गुंड उचललास, कमरेवर घेतलास आणि घरी आलीस. मला पाहून म्हणालीस, "बाबा, साबण वाळला." आत जाऊन गुंड घडवंचीवर पालथा घातलास आणि जमिनीवरच आडवी झालीस. संध्याकाळपर्यंत झोपलीस. मी मधून मधून येऊन तुझा श्वास पाहून जात होतो. तू झोपेत होतीस, म्हणून तुला माहीत नाही.

आता तू गेल्यानंतरचं सांगतो. तीच बातमी द्यायला हे पत्र आहे.

तू होतीस ते दिवस नळावर सगळ्या जपून वागत होत्या. गुरुवारी सकाळी मी पाळीवर निघालो होतो, तर नळाकडून आवाज आला. दुर्गाबाईचा.

"जमुने, तुह्या डब्याले पाय फुटले काय? माह्या हंड्याच्या डोक्यावर बसते थो!"

"तुमीच हंडा पुढं सरकोला बुढे! मी पाह्यलं!"

"बुढी कोनाले म्हनते वं? चार दिस नाई झाले नंबर भेटून अन् जीभ पाहा हिची! दस नंबरी!"

"हाव, हाये! भरू द्या मले!"

आशाबाई मधे पडली, तर दोघी तिच्यावर उलटल्या. कोणाची तरी बादली कलंडली, कोणी तरी हसलं. कार्तिकानंतर त्या नळावर हे पहिलं भांडण. मी तिथंच उभा राहून सगळं ऐकलं. गिरणीचा भोंगा झाला तरी उभा होतो. मुकादम बोलला, बोलू दे.

माझ्या पाण्याचं विचारलं होतंस. घरात बाई नसलेल्या गड्याला सगळ्यांत शेवटचा नंबर, असा नवा कायदा दुर्गाबाईनं केला आहे. मी बादली घेऊन उभा राहतो. पाऊस लागेपर्यंत ओढाताण होईल, पण मिळतं. बायका माझ्यासमोर बोलायला लाजत नाहीत, त्यामुळे वस्तीच्या बातम्याही कळतात.

शाळा सुरू झाली की मुलांना हातपंपावर रांगेत उभं कर. आणि दिवाळीत ये. आलीस की भांडं माझ्या बादलीच्या मागे लावायचं. मास्तरीण असली तरी पुढं घुसाचं नाई, असं दुर्गाबाईनं तुला मुद्दाम कळवायला सांगितलं आहे.

तुझा बाप
देवमन